विश्लेषण : दुर्बीण पोटात गेली, पण नीट दिसले का?

लाखांदूरहून नागपूर गाठून एंडोस्कोपी करून घेणे सोपे नाही. एवढे करूनही तपासणी अर्धवट राहिली तर दोष अनेकदा यंत्राचा नसतो. रुग्णाला आदल्या दिवशी काय सांगितले, कोणत्या वेळी बोलावले आणि टेबलावर किती वेळ दिला, यावर बरेच काही ठरते.

लाखांदूरहून पहाटेची एसटी पकडायची, नागपूर गाठायचे, केसपेपर काढायचा, रांगेत बसायचे. नंबर आला की परिचारिका विचारते, ‘सकाळपासून काही खाल्लं का?’ उत्तर बरेचदा ठरलेले असते, ‘नाही मॅडम, फक्त चहा घेतला.’ कधी त्या चहासोबत दोन टोस्ट झालेले असतात, कधी तोंडात खर्रा असतो. मग दोनपैकी एक होते. तपासणी पुढच्या तारखेवर जाते आणि दिवसाची मजुरी, दोन माणसांचे भाडे वाया जाते. किंवा ‘एवढ्या लांबून आलेच आहेत तर करून टाकू’ म्हणून ती उरकली जाते. रुग्णाला दुसरा प्रकार सोयीचा वाटतो. धोका मात्र त्यातच अधिक आहे.

वैनगंगा आणि चुलबंद नद्यांच्या खोऱ्यातला हा धानपट्टा. नागपूर इथून शंभर किलोमीटरहून दूर आहे आणि पोटविकारतज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. ऐन रोवणीत किंवा कापणीत घरातली दोन माणसे दिवसभर बाहेर राहणे परवडत नाही. म्हणूनच तपासणी एकदाच व्हावी, पण ती सुरक्षित आणि पूर्ण व्हावी, हा या भागातल्या रुग्णाचा साधा हक्क आहे.

एंडोस्कोपीत नेमके काय होते?

बोटाएवढ्या जाडीची, वाकवता येणारी नळी तोंडावाटे आत सोडतात. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग पडद्यावर दिसतो. गरज वाटल्यास त्याच नळीतून बारीक चिमटा घालून अस्तराचा कण काढतात. त्याला बायोप्सी म्हणतात. बोलीभाषेत आपण या तपासणीला ‘दुर्बिणीची तपासणी’ किंवा ‘नळी टाकणे’ म्हणतो.

पोटाच्या आत डोकावण्याची धडपड जुनी आहे. १८६८ मध्ये जर्मन डॉक्टर अडोल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या कलाकाराच्या मदतीने सरळ नळीतून जठर पाहण्याचा प्रयत्न केला. आत पुरेसा उजेड पोहोचत नव्हता. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्यासह १९५४ मध्ये काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येते हे दाखवले. त्याच मार्गाने पुढे जात १९५७ मध्ये बॅसिल हिर्शोविट्झ यांनी वाकणारी दुर्बीण वापरात आणली. उजेडाचा प्रश्न तेव्हा सुटला. आज अडथळा राहिला आहे तो पोटातल्या अन्नाचा, फेसाचा आणि चिकट स्रावाचा.

स्वच्छ दिसणे एवढे महत्त्वाचे का?

जठराच्या अस्तरावर चिकट स्रावाचा थर असतो. त्यात लाळेचे बुडबुडे, पित्त, कधी अन्नाचे कण मिसळतात. मोठी जखम किंवा गाठ अशाही स्थितीत दिसते. पण सुरुवातीचा कर्करोग गाठीसारखा नसतो. अस्तराचा रंग किंचित बदललेला, पृष्ठभाग थोडा खडबडीत किंवा दबलेला, एवढीच त्याची खूण असते. ती फेसाच्या एका थराखालीही लपते. मग कॅमेरा कितीही भारी असो, रंगीत प्रकाशाचे तंत्र कितीही नवे असो, त्याला फेसच दिसणार.

हा धोका किती खरा आहे? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार, अन्ननलिका व जठराच्या कर्करोगाच्या सुमारे ११ टक्के रुग्णांची निदानाआधीच्या तीन वर्षांत एंडोस्कोपी झालेली होती, पण तेव्हा कर्करोग हाती लागला नव्हता. अशा रुग्णाच्या हातात ‘नॉर्मल’ असा कागद असतो. त्या कागदाच्या भरवशावर तो घरी थांबतो, गोळ्या घेत राहतो आणि उपचाराचा सर्वांत चांगला काळ निघून जातो. अर्धवट तपासणीचे खरे नुकसान हे आहे.

सुरक्षितता आणि स्पष्ट दृश्य यांचा संबंध काय?

भरलेले पोट दोन्ही बिघडवते. घसा बधिर केलेला, वर गुंगीचे औषध दिलेले, अशा वेळी पोटातले अन्न वर आले तर ठसका लागून ते फुप्फुसात उतरू शकते. त्यातून न्यूमोनिया होतो, क्वचित जिवावर बेतते. पोट रिकामे असेल तर हा धोका कमी होतो आणि अस्तरही स्वच्छ दिसते.

सर्वसाधारण नियम असा, की घट्ट अन्न तपासणीच्या किमान सहा तास आधी बंद आणि साधे पाणी किमान दोन तास आधी बंद. अनेक रुग्णालये आठ तास किंवा रात्री जेवणानंतर काहीच नको असे सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी दिलेली वेळ पाळावी. खरा गोंधळ ‘पातळ’ या शब्दाने होतो. दुधाचा चहा पातळ असला तरी त्यात दूध आहे, म्हणून तो अन्नात मोजायचा. आपल्याकडची भाताची पेजही अन्नच. ताक, आंबील, फळांचा गराचा रस यांचेही तेच. ज्याच्या आरपार दिसते ते पाणीच फक्त पाण्यात मोजायचे.

मधुमेह जुना असेल, गिळताना अन्न छातीत अडकत असेल किंवा आदल्या दिवशीचे अन्न उलटून पडत असेल, तर पोट रिकामे व्हायला सहा तासही अपुरे पडतात. वजन कमी करण्याच्या किंवा मधुमेहाच्या काही नव्या इंजेक्शनांमुळेही पोट हळू रिकामे होते. हे तारीख घेतानाच सांगायला हवे, टेबलावर झोपल्यावर नव्हे.

खर्ऱ्याचा इथे काय संबंध?

विदर्भात हा प्रश्न टाळून चालणार नाही. खर्रा चघळला की लाळ सुटते, ती गिळली जाते आणि सुपारीचे कण पोटात जातात. म्हणून उपाशीपोटी खर्रा चालत नाही. ‘खाल्लं नाही, फक्त चघळलं’ हे तपासणीच्या दृष्टीने खाणेच आहे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. वर्षानुवर्षे सुपारी व तंबाखू चघळणाऱ्यांच्या गालाची आतली कातडी ताठ होते आणि तोंड उघडणे कमी होत जाते. एंडोस्कोपीत दातांमध्ये प्लास्टिकचे माउथ गार्ड ठेवावे लागते, म्हणजे नळी चावली जात नाही. तोंडच पुरेसे उघडत नसेल तर ते बसत नाही. घरीच पाहता येते : स्वतःची तीन बोटे उभी करून समोरच्या दातांमध्ये मावतात का? मावत नसतील तर डॉक्टरांना आधीच सांगावे. काही मोठ्या केंद्रांत नाकावाटे जाणारी बारीक दुर्बीण असते. आधी कळले तर तिथे पाठवता येते, नाहीतर लाखांदूरचा माणूस नागपुरात जाऊन हात हलवत परत येतो.

आणि हाच रुग्ण कर्करोगाच्या दृष्टीने अधिक जोखमीचा असतो. तंबाखूमुळे तोंडाचाच नव्हे, अन्ननलिकेचाही कर्करोग होतो. ज्याची तपासणी सर्वांत काळजीपूर्वक व्हायला हवी, त्याचीच करणे सर्वांत अवघड, अशी ही गोष्ट आहे.

फेस आणि चिकटा घालवता येतो का?

येतो, आणि तोही स्वस्तात. सिमेथिकॉन हे औषध बुडबुडे फोडते. पोटातल्या गॅससाठी लहान मुलांना देतात त्या थेंबांत हेच औषध असते. एन-ॲसिटिलसिस्टीन हे छातीतला कफ पातळ करणारे औषध जठरातला चिकट स्रावही सैल करते. तपासणीच्या काही वेळ आधी थोड्या पाण्यातून ही औषधे दिली तर अस्तर अधिक स्वच्छ दिसते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. ती किती व केव्हा द्यायची हे रुग्णालयाने ठरवायचे. रुग्णाने घरून काही पिऊन जाऊ नये.

त्यानंतरही आत चिकटा दिसला तर डॉक्टर नळीतूनच पाणी मारून धुतात आणि साचलेले ओढून घेतात. यासाठी वेळ लागतो. इथेच गर्दीच्या रुग्णालयांची कसोटी लागते.

किती वेळ पुरेसा?

युरोपातील पोटविकार एंडोस्कोपी संघटनेने २०१६ मध्ये गुणवत्तेचे निकष जाहीर केले. पहिल्यांदा होणाऱ्या तपासणीत नळी आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत किमान ७ मिनिटे आणि किमान १० छायाचित्रे, असे त्यांत म्हटले आहे. सिंगापूरच्या २०१५ मधील एका अभ्यासात सरासरी सात मिनिटांहून अधिक वेळ देणाऱ्या डॉक्टरांना धोक्याचे बदल जवळपास दुप्पट प्रमाणात सापडले. जपानमध्ये तर जठराचा एकही कोपरा सुटू नये म्हणून ठरावीक क्रमाने २२ छायाचित्रे घेण्याची पद्धत मांडली गेली.

सात मिनिटे रुग्णाला मोठी वाटतात. ‘डॉक्टरांनी दोन मिनिटांत केली, काही कळलंच नाही’ हे आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते. हात सफाईदार असणे चांगलेच. पण पाहण्याचे काम घाईत होत नाही, हे रुग्णानेही समजून घ्यायला हवे. सरकारी रुग्णालयात एका सकाळी किती रुग्ण नोंदवायचे हे ठरवताना प्रशासनानेही सात मिनिटांचा हिशेब आधी करावा.

गुंगी द्यावी की नाही?

अनेक ठिकाणी फक्त घशात बधिर करणारा फवारा मारून तपासणी होते. बहुतेकांना ती सहन होते. रुग्ण फार घाबरलेला असेल, सतत ओकाऱ्या येत असतील, तर नीट पाहता येत नाही. अशा वेळी गुंगीचे इंजेक्शन उपयोगी पडते. मात्र गुंगीने श्वास मंदावू शकतो. म्हणून बोटाला ऑक्सिजन मोजणारे यंत्र, नाकाशी ऑक्सिजन, औषधाचा परिणाम उतरवणारे इंजेक्शन हाताशी आणि रुग्णावर लक्ष ठेवणारी स्वतंत्र व्यक्ती, एवढे हवेच. नळी हाताळणाऱ्या डॉक्टरांनीच श्वासाकडेही पाहायचे, ही व्यवस्था नव्हे. नखांना गडद नेलपॉलिश असेल तर बोटावरचे यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकते, म्हणून ते काढून जावे. कवळी असेल तर तीही काढून ठेवावी.

गुंगी दिली असेल तर त्या दिवशी आणि पुढचे २४ तास मोटारसायकल, ट्रॅक्टर किंवा मळणीयंत्राला हात लावू नये. सोबत जबाबदार माणूस हवाच. घसा बधिर असेपर्यंत पाणीसुद्धा पिऊ नये, ठसका लागतो.

सिकलसेलच्या रुग्णांनी काय काळजी घ्यावी?

पूर्व विदर्भात सिकलसेल घरोघरी ठाऊक आहे. शरीरातले पाणी कमी झाले किंवा रक्तातला ऑक्सिजन घटला की या रुग्णांना असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. एंडोस्कोपीच्या दिवशी दोन्ही शक्यता असतात. रात्रीपासून पाणी बंद, उन्हातला प्रवास, दुपारपर्यंत रांग आणि वर गुंगी. म्हणून सिकलसेलचे कार्ड सोबत ठेवावे, नाव नोंदवतानाच सांगावे आणि पाणी नेमके किती वाजेपर्यंत चालेल हे विचारून घ्यावे. रुग्णालयाने अशा रुग्णाला पहिल्या नंबरांत घ्यावे. उशीर होणारच असेल तर सलाइन लावण्याचा विचार व्हावा.

रोजच्या गोळ्यांचे काय?

रक्तदाबाची गोळी सहसा घोटभर पाण्यासोबत घेता येते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घेतले तर साखर एकदम उतरू शकते, म्हणून मात्रा विचारूनच घ्यावी. हृदयविकार किंवा पक्षाघातानंतर रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. साध्या तपासणीसाठी व बायोप्सीसाठी ॲस्पिरिनसारख्या गोळ्या सहसा थांबवाव्या लागत नाहीत. त्या अचानक बंद करण्यातच झटक्याचा धोका असतो.

ॲसिडिटीच्या गोळ्यांबद्दल एक इशारा. मेडिकल दुकानातून आणून महिनोन् महिने घेतलेल्या या गोळ्यांमुळे जखम तात्पुरती भरते, त्रास दबतो आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची चाचणी खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. चाचणीपूर्वी त्या साधारण दोन आठवडे बंद ठेवायला सांगतात. पण ते डॉक्टरांना विचारूनच. कोणती गोळी किती दिवस घेतली याची रिकामी पाकिटे सोबत नेली तरी खूप मदत होते.

नळीची स्वच्छता कशी होते?

एकच दुर्बीण अनेक रुग्णांसाठी वापरली जाते. ती शस्त्रक्रियेच्या हत्यारांप्रमाणे वाफेवर उकळता येत नाही, खराब होते. म्हणून प्रत्येक रुग्णानंतर ती लगेच पुसणे, आतून पाणी ओढणे, गळती तपासणे, ब्रशने आतली नळी घासून धुणे, जंतुनाशक द्रावणात ठरावीक मिनिटे बुडवणे, स्वच्छ पाण्याने धुणे आणि कोरडी करून टांगणे, असा क्रम आहे. ग्लुटाराल्डिहाइडचे द्रावण वापरत असतील तर साधारण २० मिनिटे बुडवतात. घासण्याची पायरी गाळून थेट बुडवले तर उपयोग नाही, कारण आत चिकटलेल्या घाणीखाली जंतू टिकून राहतात. दोनच दुर्बिणी आणि रांग मोठी असेल तर घाई याच पायरीवर होते. म्हणून रुग्णसंख्येच्या प्रमाणात दुर्बिणी आणि स्वच्छतेसाठी प्रशिक्षित कर्मचारी, ही मागणी डॉक्टरांच्या सोयीची नव्हे, रुग्णाच्या सुरक्षेची आहे.

भंडारा जिल्ह्याला रुग्णसुरक्षेची किंमत कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळे दगावली. सुरक्षा ही दुर्घटनेनंतर चौकशीच्या अहवालात शोधायची गोष्ट नाही, रोजच्या नोंदवहीत दिसायची गोष्ट आहे, हे त्या पहाटेने शिकवले. एंडोस्कोपी कक्षाची नोंदवहीही त्याला अपवाद नसावी.

रक्ताची उलटी झाली तर?

रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली तर तारखेची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा, जवळचे रुग्णालय गाठावे. तिथे आधी नाडी, रक्तदाब सावरतात, रक्त चढवावे लागते आणि मग एंडोस्कोपी करतात, शक्यतो २४ तासांत. पोटात रक्ताच्या गाठी असतील तर काहीच दिसत नाही. अशा वेळी एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक शिरेतून देतात, कारण ते जठराला हलवून पोट पुढे रिकामे करते. रक्तस्राव चालूच असेल तर श्वासनलिकेत नळी घालून फुप्फुसे आधी सुरक्षित करतात. इथेही आधी जीव, मग दृश्य, हा क्रम सुटत नाही.

तपासणीनंतर घरी गेल्यावर छातीत किंवा पोटात वाढत जाणारी कळ, ताप, धाप, मानेवर सूज किंवा काळी शौच, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. साध्या तपासणीत इजा क्वचितच होते, पण झाली तर वेळ महत्त्वाची असते.

मग बदलायचे काय?

पहिली गोष्ट, छापील मराठी चिठ्ठी. तारीख देताना तोंडी सांगितलेले घरी पोहोचेपर्यंत अर्धे विसरले जाते. किती वाजल्यापासून जेवण बंद, किती वाजल्यापासून पाणी बंद, चहा-पेज-खर्रा नको, कोणती गोळी घ्यायची, सोबत कोण हवे, एवढे मोठ्या अक्षरांत एका पानावर मावते. लाखांदूरच्या ग्रामीण रुग्णालयातून रुग्ण पुढे पाठवला जातो तेव्हाच ही चिठ्ठी हाती पडावी. वाचता न येणाऱ्यांना आदल्या दिवशी आशाताईंनी आठवण करून द्यावी.

दुसरी, वेळेची वाटणी. दूरवरून येणाऱ्याला दुपारची वेळ मिळाली तर पहाटे निघण्यापूर्वी थोडे खाऊन सहा तासांचा उपास सहज पाळता येतो. मधुमेही आणि सिकलसेलच्या रुग्णांना मात्र सकाळचे पहिले नंबर हवेत. यासाठी नवे यंत्र लागत नाही, नाव नोंदवताना गाव आणि आजार विचारावा लागतो.

तिसरी, अहवालातील प्रामाणिकपणा. अस्तर स्वच्छ दिसले की फेस, अन्न होते, कोणता भाग पाहता आला नाही, हे अहवालात लिहिले पाहिजे. नीट दिसले नसेल तर ‘नॉर्मल’ लिहू नये, ‘पुन्हा तपासणी आवश्यक’ असे लिहावे. छायाचित्रे अहवालासोबत द्यावीत. रुग्णानेही एक प्रश्न विचारायला शिकावे : ‘डॉक्टर, सगळं नीट दिसलं ना?’ यात अपमान काही नाही.

चौथी, खर्चाची माहिती. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असे २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांत आहे. ते पाहावे, नसेल तर विचारावे.

गिळायला त्रास, कारण नसताना वजन घटणे, रक्त कमी होणे, सततच्या उलट्या, काळी शौच, ही लक्षणे असतील तर एंडोस्कोपी टाळू नये. भीती नळीची नसावी. ती जाताना त्रास होतो, पण तो काही मिनिटांचा असतो. लाखांदूरच्या माणसाने दिवस मोडून, उपाशी राहून, शंभर किलोमीटर पार करून पोट दाखवायला यायचे आणि व्यवस्थेने ते अर्धेच पाहायचे, हे मात्र चालणार नाही. त्याने उपास पाळावा, रुग्णालयाने सात मिनिटे पाळावीत. पुढच्या तारखेच्या आदल्या रात्री त्याच्या खिशात ती मराठी चिठ्ठी असली, तर निम्मे काम लाखांदुरातच झालेले असेल.